वहीतला ‘प्रश्न’ नावाचा रकाना

अहो, दहाव्याला कावळा शिवत नव्हता. तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा. तुम्हीच कुठल्यातरी फांदीवर हट्ट धरून बसला होतात. सूर्या नदीच्या काठी ऊन डोक्यावर आलं. तुमच्या धाकट्या भावाने हात जोडून सांगितलं, वहिनीला काही कमी पडू देणार नाही. कावळा नाही. आपल्या मिलिंदने सांगितलं, बाबा, आईला पुण्याला घेऊन जातो. कावळा आणखी दोन फांद्या वर गेला. भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करून शिवू या म्हणाले. बायकांनी तिकडे जायचं नसतं म्हणून मला मागे उभं केलं होतं. मी तशीच पुढे गेले आणि सगळ्यांदेखत म्हटलं, “घेते! घेते मेलं ते तुमचं खोकं. रिसीव्हर, पाच स्पीकर, तो जमिनीवरचा ढोल, सगळं आणते. आता तरी जेवा!”

आणि कावळा आला की हो. भाताचं एक शीत घेऊन गेला. भटजींनी मला विचारलं, रिसीव्हर म्हणजे फोनचा का? मी म्हटलं, नाही, तुम्ही मंत्र म्हणा. कावळ्याला भूक लागली असेल, असं मला अजूनही वाटतं. पण शब्द दिला तो दिला. चार माणसांत आणि नदीकाठी दिलेला शब्द, आता मागे फिरायला वाट नाही.

पण मी तो शब्द का दिला, ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं की नाही, हाच माझा सगळा घोर होता. तेवढं एक कळावं म्हणून मी तुमची वही काखेत घेऊन दुकानं हिंडले.

त्या शनिवारी संध्याकाळचं सांगते. मी कढई घासत होते. नळ सोडलेला, तुमच्याकडे पाठ. तुम्ही बाहेरच्या खोलीत मीटरपट्टी घेऊन भिंती मोजत होतात आणि मोठ्याने सांगत होतात की मागचा डावा स्पीकर बरोबर देव्हाऱ्याच्या जागी यायला हवा, देव्हारा दोन हात सरकवावा लागेल. माझं डोकं फिरलं. मी न वळताच म्हटलं, “तुमच्या खोक्यांसाठी माझे देव जागचे हलणार नाहीत. आणायचं तर मी मेल्यावर आणा!”

आणि तुम्ही म्हणालात, “हो.”

नुसतं ‘हो’. त्यानंतर आपण जेवलो, तुम्ही दूध घेतलंत, झोपलात. रविवारी सकाळी अर्धा चहा बशीत ठेवून तुम्ही गेलात. मी मेल्यावर म्हटलं मी, आणि तुम्ही आधी नंबर लावलात. मला सांगा, घरात पन्नास माणसं रडत असताना माझ्या डोक्यात काय फिरत असेल? लोकांना वाटलं, ही बाई दगड झाली. मी आपली एकच विचारत होते: ऐकलंत का हो तुम्ही ते? ते ‘हो’ ऐकून म्हणालात की न ऐकता?

कारण तुमच्या ‘हो’चा भरवसा मला कधीच नव्हता. तुमचं ‘हो’ म्हणजे सरकारी दाखल्यावरचा शिक्का, कशावरही उमटायचा. मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, तांदूळ संपले, हो. ताईला आठ दिवस बोलावू का? हो. आणि ताई बॅग घेऊन दारात उभी राहिली की तुमचे डोळे हे एवढे! मग भांडण. “मी विचारलं तेव्हा हो म्हणालात ना?” “म्हणालो असेन.” “म्हणजे माझं बोलणं कानावर घेतच नाही तुम्ही.” हे किती वर्षं चाललं, तुम्हीच मोजा. मला वाटायचं, समोर बसले की हळू बोललेलंसुद्धा बरोबर कळतं, अगदी ओठातल्या ओठात पुटपुटलेलंही, आणि मागून बोललं की कान बंद! म्हणजे ढोंगच की. मी ते माहेरीही सगळ्यांना सांगितलं होतं. माझ्या माहेरच्या वाडीत तुमचं नावच ‘होबा’ पडलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही कधी. आज मी सांगते.

तुमचे कान मशीनसाठी राखीव होते. तारापूरच्या त्या तारा ओढायच्या कारखान्यात तुम्ही फिटर. कंपनीने कानात घालायला बोळे दिले, ते तुम्ही आणून मिलिंदला खेळायला दिलेत. का, तर बेअरिंग कुठलं ओरडतंय ते उघड्या कानालाच कळतं. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक मशीनच्या अंगाला, मूठ कानाला, डोळे मिटायचे. बाकीचे लोक चार तास खोलाखोल करायचे, तुम्ही दोन मिनिटांत बोट ठेवायचात. घरी आल्यावर ते सांगताना तुमची छाती फुगायची. मला तेव्हा अभिमानच वाटायचा. त्या अभिमानाची किंमत कोण चुकती करतंय ते दोघांनाही सुचलं नाही.

निवृत्त झालात आणि तो सिनेमाचा कॉम्प्युटर जोडायला घेतलात. जुनी कॅबिनेट आडवी करून टीव्हीखाली बसवलीत, त्यात आपल्या लग्नाच्या कॅसेटपासून मिलिंदच्या बारशापर्यंत सगळं भरलंत. चित्र छान दिसायचं, आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मग स्पीकर हवेत. स्पीकर म्हटले की रिसीव्हर हवा. रिसीव्हर म्हणजे काय ते मी विचारलं तेव्हा तुम्ही समोर होतात, म्हणून नीट उत्तर मिळालं: “पंगतीतला वाढपी गं. कॉम्प्युटर सगळं एका पातेल्यात आणून देतो, हा पाच पानांवर ज्याचं त्याला वाढतो.” छान सांगितलंत. पण त्या वाढप्यासाठी सहा महिने दर रविवारी तुम्ही घराबाहेर. कधी पालघर, कधी बोईसर, एकदा तर मनोरला हायवेवरच्या गोडाऊनपर्यंत जाऊन आलात. मी म्हणायचे, या वयात लोक बाई ठेवतात, यांनी खोकं ठेवलंय.

मिलिंदला माझा नदीकाठचा शब्द पटला नव्हता. तेराव्यानंतर म्हणाला, “आई, एक साउंडबार मागवून देतो. एकच पट्टी असते, टीव्हीखाली ठेवायची, झालं. बाबांचं समाधान आणि तुझा त्रास वाचला.” मी म्हटलं, “तुझ्या बाबांना पाच पानांची पंगत घालते म्हणून सांगितलंय. एका पत्रावळीवर कसं भागवू?” तो म्हणाला, तुला त्यातलं काही कळत नाही. तिथेच माझी चूल पेटली. कळत नाही म्हणजे? बाईला निवडून घेता येत नाही होय? मासळी, सून, तूरडाळ, सगळं मीच निवडलंय या घरात.

मग तुमची वही काढली. कारखान्यातल्या शिफ्टच्या वहीसारखी रेघा मारलेली. दुकान, स्पीकर, ओहम, ‘बॉक्स हलतो का’, आणि शेवटी एक रकाना: ‘प्रश्न’. पहिले सगळे मला हळूहळू लागले. ओहम जितका कमी तितका रिसीव्हर जास्त दमतो, हे तुम्ही कोपऱ्यात लिहिलं होतं. ‘छापील वॅट म्हणजे नेमप्लेट. पाचही एकदम चालवल्यावर खरे किती, ते विचारणे,’ हेही. पण ‘प्रश्न’ कळेना. त्या रकान्यात कुठे ‘नाही’, कुठे ‘नाही’, कुठे ‘अर्धा’, परत ‘नाही’. मला वाटलं, दुकानदाराने काही अडचण काढली की नाही, त्याचं असेल. वहीच्या खिशात एक पेनड्राइव्ह होता, त्यालाही चिकटपट्टीवर तेच लिहिलेलं: प्रश्न. आपल्या कॉम्प्युटरला तो लावून बघायचा तर तुम्ही पासवर्ड काय ठेवलाय देव जाणे. माझं नाव घालून पाहिलं, नाही उघडला. रागच आला.

आधी पालघरला गेले. स्टेशनजवळचं ते काचेचं दुकान. तिथला माणूस म्हणतो, “मावशी, घरात कोणी माणूस नाही का? त्यांना पाठवा ना.” मी म्हटलं, “मी काय पाखरू आहे?” मग त्याने दोन माणूसभर उंचीचे स्पीकर लावून असला धडधडाट केला की माझं पोट हललं आणि शेजारची काच वाजली. म्हणाला, हजार वॅट. मी वही उघडली आणि विचारलं, “हे छापील झाले. पाचही एकदम चालवले की खरे किती?” अहो, त्याचा चेहरा! तो आत गेला, दुसऱ्याला घेऊन आला, दुसऱ्याने तिसऱ्याला फोन लावला. मग मी पर्समधून तुमचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक त्या उंच खोक्याला लावलं, मूठ कानाला. मला काय कळणार होतं? डोंबल! पण आत पत्रा थरथरतोय एवढं माझ्यासारखीलाही कळलं. वहीत तुम्ही लिहिलंच होतं त्यांच्यापुढे, ‘हलतो’. तिथून निघाले तेव्हा मला किती दिवसांनी हसू आलं. रिक्षात बसल्यावर तेच हसू रडू झालं, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी बोईसरला जयेशभाईंकडे. वहीतलं शेवटचं पान त्यांचं. दुकान म्हणजे बोळच, पण मागे एक खोली आहे, भिंतीला गोधड्यांसारखं काहीतरी लावलेलं. मी म्हटलं, इथे एक सामान बाजूला ठेवलंय बहुतेक. ते म्हणाले, “किसके नाम से है, आंटी?”

आता आली का पंचाईत! तुमचं नाव मी उखाण्याशिवाय कधी घेतलंय? गॅसच्या पुस्तकावर बोट दाखवायचे, बँकेत मिलिंदला पुढे करायचे. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी, जयेशभाई पेन घेऊन थांबलेले. उखाणा कुठून आणू? मी सरळ म्हटलं, “भालचंद्र.” आपल्याच तोंडचं नाव आपल्याच कानाला लागलं. तुम्ही असतात तर लाजला असतात.

जयेशभाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं नव्हतं हो. “काका? काका तो संडे को आने वाले थे,” म्हणाले. मग त्यांनी शटर अर्धं ओढलं, मला पाणी दिलं आणि मराठीत बोलायला लागले, तुमच्याशी बोलायचे तसं. “त्यांचं फिक्स झालं होतं. पाच चॅनलवाला रिसीव्हर, सात नको बोलले, खोली छोटी हाय. पुढे दोन लहान स्पीकर, मधे सेंटर. सेंटरसाठीच तर सहा महिने लावले. बोलणं सगळं त्या मधल्यातून येतं ना. बाकीचे लोक येतात, बाँबस्फोट लावून बघतात. काका एकच फाइल लावायचे. प्रश्नवाली.”

मी पेनड्राइव्ह पुढे केला.

मागच्या खोलीत मला मधोमध बसवलं. मला वाटलं, कुठलं तरी नाटक असेल, नाहीतर भाषण. खर्रर्र आवाज, पंखा, आणि मग माझाच आवाज. “एवढ्याशा बोंबलाचा हा भाव? सोनं लावलंय का शेपटीला?” आणि समोरून हिराबाय, आपली मुरबे गावची मासळीवाली: “सोना नाय लावला, माजं मरण लावलंय बाय! दर्यावर जाऊन बघ कसा हाय तो.” आमच्या दारातलं नेहमीचं भांडण, जसंच्या तसं! मी इतकी मोठ्याने बोलते? तुम्ही कॉम्प्युटरला नवा माइक लावून बघत होतात त्या दिवशी, मला आठवलं. माइक चालूच राहिला असणार. दोघी एकदम बोलतोय, टोपली आपटतेय, पंखा गरगरतोय, आणि मग हिराबाय गेल्यावर लांबून, स्वयंपाकघरातून, पाठमोरी मी: “अहो, रविवारी हिराबायच्या नातीची हळद आहे मुरब्याला. जाऊ या का दोघं?”

आणि माइकच्या अगदी जवळ, ठणठणीत: “हो.”

मला तो वैशाखातला रविवार आठवला. मी मोरपंखी नऊवारी काढून ठेवली, केसांत गजरा माळला, आणि तुम्ही पिशवी उचलून म्हणालात, पालघरला केबल बघून येतो. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. का, ते सांगितलं नाही. कळायला नको का माणसाला? तुम्ही रोज माझ्या तोंडाकडे बघायचात, चुकलेल्या पोरासारखे. एकदा विचारलंतही, काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही.

जयेशभाई म्हणाले, “काकांना माहीत होतं, काहीतरी विचारलं होतं तुम्ही, आणि त्यांनी हो बोललं, आणि ते काहीतरी चुकलं. रेकॉर्डिंगमधी सवाल हाय, पण त्यांना ऐकू यायचा नाही. हेडफोन लावला, तरी नाय. कारखान्यातल्या मशीननी वरचा, बारीक आवाज खाऊन टाकलाय, बोलायचे. लेडीज आवाज तर नायच, तोंड दिसल्याशिवाय. मी बोललो, काका, कानाचं मशीन घ्या. तर बोलले, घरी कळेल. मी बोललो, तर आंटीला विचारून टाका ना काय विचारलं होतं. बोलले, आता कुठल्या तोंडानं विचारू?”

अहो, काय म्हणू मी तुम्हाला! माझ्या एका प्रश्नासाठी तुम्ही सहा महिने तीन गावं पालथी घातलीत, आणि मी दर रविवारी दार आपटत होते. वहीतला तो रकाना म्हणजे मी होते. दुकानामागून दुकान, नाही, नाही, अर्धा, नाही. कारखान्यात सगळ्या मशीनींचं दुखणं ओळखणारा माणूस घरातल्या बाईचं दुखणं शोधत होता, आणि कान तर त्याच मशीनींनी नेलेले. मला तिथे बसल्या बसल्या ओरडावंसं वाटलं की मेल्या माणसा, मला विचारायचं होतंस! लग्नानंतर पहिल्यांदा तुम्हाला अरेतुरे केलं, मनातल्या मनात. रागाने नाही केलं.

वहीचं शेवटचं पान पुन्हा उघडलं, आता त्याचा अर्थ लागला. जयेशभाईंच्या दुकानापुढे, त्या मधल्या स्पीकरपुढे, तुमच्या फिटरच्या अक्षरात: ‘प्रश्न: पूर्ण.’

तारीख तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या रविवारची. आणि तो रविवार मला चांगला आठवतो. तुम्ही घरी आलात, चपला न काढताच माझ्यासमोर उभे राहिलात आणि म्हणालात, “मुरब्याला जाऊ या का गं?” मी भाजी निवडत होते. म्हटलं, “आता काय आहे मुरब्याला? कुणाचं लग्न लागलंय?” तुम्ही हसलात जरासे. पेपर घेऊन बसलात. मी म्हटलंही मनात, यांचं डोकं ठिकाणावर नाही. सहा महिन्यांनी उत्तर घेऊन आला होतात आणि मी तुम्हाला भाजीच्या देठासारखं बाजूला टाकलं.

मला अजून विचारायचं होतंच. जयेशभाईंना म्हटलं, शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं? ते म्हणाले, “शनिवारी, दुकान बंद करायच्या टायमाला फोन आला. एकदम खुश. बोलले, माप घेऊन झालं, घरात काय प्रॉब्लेम नाय, बाजूला ठेव, उद्या येतो. आणि बोलले, पहिल्यांदा बायकोला बसवून प्रश्नच ऐकवतो.”

शनिवारी दुकान बंद करायच्या वेळेला. म्हणजे माझी कढई घासून झाल्यावर.

तुम्ही ऐकलं नव्हतं. मी मेल्यावर आणा, हे तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. मी ओळखते ना तुम्हाला. माझा एक वाकडा शब्द लागला तर तुम्ही ताटावरून उठायचात, दोन दिवस खाली मान घालून फिरायचात. ते ऐकून हसत फोन करणाऱ्यातले तुम्ही नव्हेत. इतकी वर्षं ज्या कानांवरून मी तुम्हाला बोल लावला, त्यांनीच शेवटी माझी लाज राखली. मी त्या दुकानात, गोधड्यांच्या खोलीत, पदर तोंडाला लावून रडले. दहाव्याला रडले नव्हते, तेराव्याला नव्हते. जयेशभाई बिचारे बाहेर जाऊन उभे राहिले.

मग डोळे पुसले आणि सामान बघायला लागले. शब्द पाळायचा बाकी होता. जयेशभाईंना म्हटलं, सगळं तुमच्या काकांच्या यादीप्रमाणे, पण मागचा डावा स्पीकर देव्हाऱ्याच्या जागी येणार नाही, काय करायचं बोला. आपलं भांडण मी अर्धवट सोडणार नव्हते. ते हसायला लागले. म्हणाले, रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. माणूस बसतो त्या जागी, कानाच्या उंचीला तो ठेवायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो, कोण किती लांब आहे ते मोजतो, जवळच्याला थांबवतो, लांबच्याला आधी पाठवतो. “थोडा इकडे तिकडे चालतो, आंटी. भगवान को हटाने की जरूरत ही नहीं.”

बघा! गरजच नव्हती. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय म्हणे. पण तुम्ही फिटर. छापलेलं वाचायचं नाही, भिंत मोजायची. आणि मी, तुमचं नीट ऐकून घ्यायच्या आधीच देव मध्ये आणायचे. दोघंही सारखेच हो. एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरी ऐकत नव्हती. मला आता या भांडणात जिंकून काय करायचंय? तरी सांगून ठेवते, देव तिथेच आहेत. तुमचा स्पीकर त्यांच्या डोक्यावर हातभर, कोनाड्यात कडी ठोकून बसवलाय. देवांची काही तक्रार नाही.

काल जयेशभाई स्वतः आले जोडायला. रिसीव्हर शोकेसमध्ये काचेआड ठेवायला निघाले होते. मीच म्हटलं, वरती वीतभर मोकळी जागा हवी, तापतो तो, काकांच्या वहीत लिहिलंय. कपबशा काढल्या, काच काढली. कॉम्प्युटरही त्यांनीच उघडला, पासवर्डच नव्हता, नुसतं एंटर दाबलं. तुम्ही कुणालाही उघडेल असाच ठेवला होतात, मीच नको ती अक्षरं घालत बसले होते. मग तो छोटा माइक हातात घेऊन त्यांनी विचारलं, काका कुठे बसायचे?

तुमची वेताची खुर्ची पुढे ओढली. त्यावर उशी, उशीवर पंचांग, पंचांगावर मिलिंदची जुनी डिक्शनरी. मग मी समोर उभी राहून डोळ्यांनी अंदाज घेतला. थोडं वर. अजून बोटभर. हं, इथे. तुमचा कान बरोबर इथे यायचा, मला मीटरपट्टी लागत नाही.

तेवढ्यात दारात हिराबाय. सुतक फिटल्यावर पहिल्यांदाच आली होती, टोपलीशिवाय, नुसती भेटायला. जयेशभाई म्हणाले, आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, माइक ऐकतोय. अहो, हिराबायला गप्प बसायला सांगणं! ती बिचारी तोंडावर पदर धरून उंबऱ्यात बसली. स्पीकर एकेक करून शीळ घालत होते आणि तुमच्या खुर्चीत तो एवढासा माइक सगळं ऐकत होता. डावं, उजवं, मधलं, मागचं. पाच मिनिटं या घरात कुणीतरी सगळं ऐकलं, आणि आम्ही दोघी बोलक्या बायका गप्प.

झालं. जयेशभाई गेले. मी पेनड्राइव्ह लावला आणि फाइल चालू केली.

“काय गो! ह्यो माजा आवाज?” हिराबाय उठूनच उभी राहिली. “मी येवढी वरडते?” मी म्हटलं, माझाही ऐक, तू बरी. आम्ही दोघी समोरच्या भिंतीतून भांडत होतो, टोपली आपटत होती, बोंबलाच्या शेपटीला सोनं लागत होतं. एकेक शब्द वेगळा. तुमची निवड चांगली आहे हो. मी उगाच खोकं खोकं म्हटलं. ते मागे घेते. दुसरंही घेते, तुमच्या समोर उभी राहून घेते, जे तुम्ही ऐकलंच नाहीत तेसुद्धा.

मग लांबून मी विचारलं, जाऊ या का दोघं? आणि मधल्या स्पीकरमधून, अगदी खुर्चीसमोरून, तुम्ही म्हणालात, हो.

हिराबाय पदराने डोळे टिपत होती. तिला रकाना-बिकाना काही माहीत नाही. “भावजी किती मोकळं बोलले हाय,” म्हणाली. मग म्हणाली, “तवा आली नाय तू. आता चल ना. पोर हाय माहेरी आलेली, दिवस गेलेत तिला. बोंबील वाळत घातलेत, दर्या शांत हाय. आताच चल.”

मी स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला, नळ बंद केला. मोरपंखी पातळाची घडी काढली. तिथूनच उत्तर देणार होते, सवयच ती. मग थांबले. बाहेर आले, तुमच्या खुर्चीपुढे उभी राहिले, तोंडावर उजेड येईल अशी, ओठ दिसतील अशी, आणि म्हटलं,

“हो. जाऊ या.”